झगमगाटावरची सिरियल चार महिन्यात का गुंडाळते

अंबाजोगाईचा एक पोरगा आहे, एकांकिका करतो, लिहितोही बरं. त्यानं विचारलंय की दादा, मी फिल्म इंडस्ट्रीवर डेली सोपची कन्सेप्ट लिहायलोय, काळजाला भिडणाऱ्या आवाजाची गावातली पोरगी मुंबईला जाऊन हिरॉईन होते, पार्ट्या, अवॉर्ड फंक्शन, भानगडी, सगळं आहे त्यात, पण ज्याला सांगावं तो म्हणायलाय असल्या सिरियल टिकत नाहीत. तर हे खरंय का, आणि खरं असेल तर का.

खरंय. आणि मी असली एक सिरियल बंद पाडलेली आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांपैकी एक होतो, डायलॉग माझे होते. 112 एपिसोड. सोमवार ते शनिवार आठवड्याला सहा धर, म्हणजे साडेचार महिनेही नाहीत. चॅनलचं नाव सांगणार नाही, सिरियलचंही नाही, विचारू नको.

आमची पोरगी परभणी जिल्ह्यातली होती, कागदावर. आवाज चांगला, दिसायला चांगली, बाप लवकर वारलेला, माय शिवणकाम करणारी. मुंबईत येते, एका सुपरस्टारच्या नजरेत भरते, तिथून पुढं स्टुडिओ, प्रीमियर, जळणारी दुसरी हिरॉईन, गोड बोलून गळा कापणारा प्रोड्युसर. प्रोमो लै भारी झाला होता. पहिल्या आठवड्याचं रेटिंग आलं तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. चौथ्या गुरुवारी सगळे गप्प होते. (रेटिंग गुरुवारी येतं, आणि तो दिवस लिहिणाऱ्याच्या आयुष्यात शनीच्या साडेसातीसारखा दर आठवड्याला येतो.) मग सुरू झालं ते नेहमीचंच, ट्रॅक बदला, लग्न लावा, अपघात करा, स्मृती घालवा. स्मृती आम्ही 80 व्या एपिसोडला घालवली. प्रेक्षकांची त्याच्या आधीच गेली होती, त्यांना आम्ही आठवतच नव्हतो.

तेव्हा मला कळलं नाही कुठं चुकलं. कळलं ते दिवाळीला गंगाखेडला मावशीकडे गेल्यावर. मावशी आमची सिरियल इमानानं बघायची, भाच्याचं नाव येतं म्हणून, आणि तिनं दोनच प्रश्न विचारले. "का रे, ती पोरगी जेवती कधी? आन् तिच्या मायला कुणी सांगितलं का हे?"

मी हसलो आधी. मग रात्री अंगणात बाजेवर पडलो तर झोप येईना. कारण मायला आम्ही 12 व्या एपिसोडलाच गावाकडे ठेवून दिली होती. मुद्दाम. मीटिंगमधे असं ठरलं होतं की आता मुंबईचा झगमगाट सुरू करायचा, शिलाई मशीन कशाला मधे मधे. त्या बाईचं काम करणारी नटी चांगली होती, तिलाही महिन्यातून दोन दिवस बोलवायचे, फोनवर रडायला. आणि इकडं मावशी रोज वाट बघायली की पोरीनं जे केलं ते घरी कळणार कधी, कळल्यावर माय काय म्हणणार, भावकी काय म्हणणार. आम्ही तिला प्रीमियर दाखवायलो आणि ती तुळशीपाशी बसलेली माय शोधायली.

आता तू म्हणशील एका मावशीवरून काय ठरवायचं. तर मोजणी कशी होते ते बघ. देशभरात पन्नास हजारांच्या वर घरांत बार्कचं, म्हणजे टीव्हीचं रेटिंग मोजणाऱ्या संस्थेचं, मीटर लावलेलं असतं, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण, कोण बघायलंय ते दाबायचं. 2015 पासून खेड्यातली घरंही त्यात आली, त्याच्या आधी मोजणी शहरापुरतीच असायची. म्हणजे गंगाखेडच्या आजूबाजूच्या वाडीतली बाई आता मोजली जाते, आणि संध्याकाळच्या स्लॉटला रिमोट तिच्याच हातात असतो. तिच्या दोन प्रश्नांना जी सिरियल उत्तर देत नाही ती गुरुवारी मरते.

माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. इंडस्ट्रीतल्या लोकांना इंडस्ट्री लै इंटरेस्टिंग वाटते. आम्ही चहाला बसलो की तेच बोलतो, कोणाचं कोणाशी, कोणाला काढलं, कोणाचा चेक बाउन्स झाला, आणि मग वाटतं की अरे हीच तर स्टोरी आहे. नाही. ती गप्पा मारायची गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाला झगमगाट दोन दिवस बघायला आवडतो, तिसऱ्या दिवशी त्याला बघायचं असतं की हा झगमगाट एखाद्या घरात शिरल्यावर त्या घराचं काय होतं. घर नसेल तर बघायचं काय.

दुसरं कारण पैशाचं, आणि ते कोणी नवीन लेखकाला सांगत नाही. डेली सोप घरात का घडते असं तुला वाटतं? संस्कार वगैरे नंतर. आधी हिशोब. घराचा एक सेट लागतो, हॉल, किचन, जिना, दोन बेडरूम, देवघर, आणि तो खर्च पाचशे एपिसोडवर पसरतो. दिवसाला 12 तासांची शिफ्ट, त्यात जवळपास एका एपिसोडचं, म्हणजे 20-22 मिनिटांचं फुटेज काढायचं, त्याशिवाय गाडी चालत नाही. किचनमधे ते होतं. लायटिंग ठरलेलं, कॅमेऱ्याच्या जागा ठरलेल्या, नट्यांना झोपेत सांगितलं तरी त्या फ्रीजपाशी जाऊन उभ्या राहतील. आता तू लिहिलंस, "प्रीमियरचा सीन, रेड कार्पेट, तीनशे माणसं, फोटोग्राफर". वाचायला अर्धं पान. शूटला एक अख्खा दिवस, ज्युनिअर आर्टिस्टचे पैसे, कपडे, क्रेन, आणि आलं काय तर दोन मिनिटं, आणि तो सेट उद्या मोडायचा. मग प्रॉडक्शनवाला तीनशेचे तीस करतो, तीसमधले दहा स्पॉटदादा आणि लाइटमन असतात ज्यांना कोट घातलेले असतात, आणि तुझा प्रीमियर जो आहे तो तालुक्याच्या मंगल कार्यालयातल्या रिसेप्शनसारखा दिसतो. आमचा तसाच दिसला. मावशीचा मुलगा म्हणला, दादा, आपल्या सोनूच्या लग्नात याच्यापेक्षा जास्त लायटिंग होती. खरं बोलला.

आम्हाला वाटलं होतं की शूटिंगचे सीन तर फुकटात होतील, कॅमेरा आहे, ट्रॉली आहे, युनिट आहे, आपलंच आपल्याला शूट करायचं. केलं. पण खरं शूटिंग बघायला गेलास कधी तर कळेल, सगळ्यात जास्त काय असतं तर वाट बघणं. लाइट होईपर्यंत वाट, जनरेटर बंद पडला की वाट, हिरो व्हॅनिटीतून निघेपर्यंत वाट. हिरॉईन प्लास्टिकच्या खुर्चीत टॉवेल गुंडाळून पोहे खायलेली असते. आम्ही हे जसंच्या तसं दाखवलं, वाटलं रिअल वाटेल. लोकांना खोटं वाटलं. हिरॉईन अन् प्लास्टिकच्या खुर्चीत? म्हणजे खरं दाखवलं तर खोटं वाटतं आणि त्यांना जे खरं वाटतं ते दाखवायला बजेट नाही, अशा कात्रीत ही सिरियल पहिल्या दिवसापासून असते.

आता घाण दाखवायचं म्हणशील. सगळ्यांना वाटतं की आतली घाण दाखवली की लोक तुटून पडतील. पण रात्री साडेआठला, जेवणाच्या ताटासमोर, आजीपासून नातीपर्यंत सगळे बसलेले, तिथं काय दाखवणार तू? पोरीकडं प्रोड्युसरनं काय मागितलं हे नीट सांगताच येत नाही, मग तो नुसता "मला खूश ठेव" म्हणतो आणि मागं ढोल वाजतो. आणि खरी अडचण तीही नाही. चॅनलला ह्याच स्टार लोकांची गरज असते. त्यांचा पिक्चर येतो तेव्हा ते प्रमोशनला सेटवर येतात, चॅनलचा अवॉर्ड सोहळा असतो तिथं नाचतात, त्यांचेच सिनेमे रविवारी दुपारी लावायचे असतात. त्यांच्यावर बोट ठेवणारी सिरियल तेच चॅनल कशाला चालवेल? आमचा सुपरस्टार आधी खलनायक होता. एक फोन आला, कोणाचा ते मला कधीच कळलं नाही, आणि 30 व्या एपिसोडपासून तो मनानं चांगला पण परिस्थितीनं वाईट झाला. तिथं सिरियलचा मणकाच गेला.

बरं, घाण दाखवली तरी चालतेच असं नाही. अमेरिकेत एफएक्स नावाच्या केबल चॅनलवर 2007 ला 'डर्ट' नावाची सिरियल आली होती, कोर्टनी कॉक्स त्यात सेलिब्रिटींच्या भानगडी छापणाऱ्या मासिकाची संपादक. आपल्यासारखी बंधनं नव्हती, हात मोकळा होता, मोठी नटी होती. दोन सीझन, 20 एपिसोड, संपलं. दुसरा सीझन लेखकांच्या संपामुळं तसाही तोकडा झाला होता, पण मला विचारशील तर तिथंही तेच, सगळेच वाईट, मग कोणासाठी जीव टाकायचा बघणाऱ्यानं?

याच्यावरचं माझं आवडतं उदाहरण मात्र दुसरं आहे. अमेरिकेतल्याच एनबीसी चॅनलवर एकाच सीझनला, 2006 च्या शेवटी, दोन सिरियल आल्या, दोन्हींचा विषय एकच, टीव्हीवरच्या लाइव्ह कॉमेडी शोच्या पडद्यामागं काय चालतं. एक होती 'स्टुडिओ 60 ऑन द सनसेट स्ट्रिप', लेखक ॲरन सॉर्किन, तेव्हाचं टीव्हीतलं सगळ्यात मोठं नाव म्हण, मॅथ्यू पेरी वगैरे तगडे नट, एक तासाचा गंभीर ड्रामा. दुसरी '30 रॉक', अर्ध्या तासाची कॉमेडी, टीना फेची. पैज लावायची तर कोणीही पहिलीवर लावली असती. पहिली 22 एपिसोडमधे बंद. दुसरी सात सीझन चालली, 138 एपिसोड, 2013 पर्यंत.

का? मी दोन्ही बघितल्यात, माझं मत सांगतो. स्टुडिओ 60 मधे सगळे एकमेकांना सांगत असतात की तू जीनियस आहेस, हा शो म्हणजे देशासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग तो जीनियस माणसानं लिहिलेला विनोद आपल्याला दिसतो आणि हसू येत नाही. संपलं. तू म्हणलास ना हिरॉईनचा आवाज काळजाला भिडतो, तर तो एपिसोडमधे भिडायला पाहिजे, बाजूला उभ्या असलेल्या पात्रानं डोळे पुसून चालत नाही. दुसऱ्या सिरियलमधे मात्र सगळे स्वतःलाच येडे समजतात, चॅनलला येडं समजतात, आपण बनवतो तो शो फालतू आहे हे त्यांना माहीत असतं. बघणारा लगेच त्यांच्या बाजूनं होतो. आपल्याकडं हे नवीन आहे का? तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या मालकालाच टोला मारतो, पाटलालाही सोडत नाही, आणि स्वतःची तर आधी उडवतो. माणूस आपली आरती ओवाळायला लागला की लोक उठून पानाच्या टपरीवर जातात.

'स्मॅश'चंही असंच. ब्रॉडवेवर मॅरिलिन मन्रोवरचं संगीत नाटक बसवतात त्याची गोष्ट, 2012 ला सुरू, स्पीलबर्ग निर्मात्यांत. ह्यात गाणी खरंच चांगली होती, म्हणजे टॅलेंट दिसायचं. पण गाणं संपलं की जो ड्रामा सुरू व्हायचा त्यात दम नव्हता. दोन सीझन, 32 एपिसोड. गंमत म्हणजे त्याच्यावरून 2025 ला ब्रॉडवेवर खरंच नाटक आलं, एप्रिलमधे उघडलं आणि जूनमधे बंद. काही विषयांच्या पत्रिकेतच असतं बहुतेक.

मग तू म्हणशील 'मधुबाला - एक इश्क एक जुनून' कसं काय चाललं, कलर्सवर, 2012 ते 2014, सहाशेच्या वर एपिसोड झाले, तेही सिनेमाच्या दुनियेवरच होतं. तर ते नीट बघ परत. मधुबाला जन्मते सिनेमाच्या सेटवर, हिरो सुपरस्टार आहे, आणि गोष्ट काय आहे? सूड म्हणून केलेलं लग्न, नवऱ्याचा अहंकार, सासर, माय. स्टार हा त्याचा धंदा आहे नुसता. त्या जागी तो साखर कारखान्याचा चेअरमन असता तरी पन्नास टक्के सीन तसेच राहिले असते. त्या लेखकांनी शिलाई मशीन गावाकडे ठेवलं नाही, ते बंगल्यात आणलं. आम्हाला हे सुचलं नाही.

(आणि मोबाईलचं तर बोलायलाच नको. त्या काळात स्टारचं घर बघायला सिरियल लागायची. आता तो स्वतःच सकाळी जिममधून रील टाकतो. फुकटात खरा स्टार मिळत असताना आमचा भाड्याच्या सूटमधला सुपरस्टार कोण बघणार.)

आता तुझ्या कन्सेप्टकडं येतो. तू अंबाजोगाईत बसून अंधेरीच्या पार्ट्या लिहायलास, ज्या तू बघितल्या नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही चारच बघितल्यात आणि चारही वेळा जेवण संपलेलं होतं. तुझ्याजवळ जे आहे ते तू लिहीत नाहीस. माळेगावच्या जत्रेला गेलायस का कधी? नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाची, घोडे-गाढवांचा बाजार भरतो आणि तमाशाचे फड लागतात, लावणी महोत्सव असतो. दुपारी जा, रात्री नको. रात्री जी बाई स्टेजवर आली की शिट्ट्यांनी तंबू हलतो, ती दुपारी कनातीच्या मागं स्टोव्हवर भात शिजवत असते, पोराला गृहपाठ करायला बसवलेलं असतं, आणि मॅनेजरशी उचलीवरून हुज्जत घालत असते. झगमगाट आणि चूल, दहा फुटांचं अंतर. कुठल्याही क्रेनशिवाय.

आणि उचल हा शब्द धर. तमाशात कलाकार सीझनच्या आधी फडमालकाकडून उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत बांधलेला असतो. बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांना हा शब्द तुला-मला शिकवायची गरज नाही, मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे काय हे त्या घरातल्या शाळकरी पोरालाही कळतं. म्हणजे तुझ्या हिरॉईनचा बाप उचलीत बांधलेला ऊसतोड कामगार असेल आणि ती मुंबईत एखाद्या कॉन्ट्रॅक्टवर सही करत असेल, तीन वर्षं दुसरीकडं काम करायचं नाही असलं कॉन्ट्रॅक्ट, तर मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला एका सेकंदात कळेल की हिनं काय केलं. एक अक्षर समजावून सांगावं लागणार नाही. वर गंमत अशी की सिरियलमधे उलटंच असतं. काम आज करायचं आणि पैसे 90 दिवसांनी, बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. तमाशात कलाकार मालकाची उचल घेतो, आमच्याकडं कलाकारच प्रोड्युसरला तीन महिन्यांची उचल देतो. हे एखाद्या पात्राच्या तोंडी घाल, माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल.

माय मुंबईत आण. 12 व्या नाही, तिसऱ्या एपिसोडलाच. वन बीएचकेमधे मशीन ठेव, तिथंच तिला काम मिळू दे, टीव्हीच्या कॉस्च्युम डिपार्टमेंटला अल्टरेशनची बाई लागतेच. म्हणजे पोरगी कॅमेऱ्यासमोर आणि माय त्याच सेटच्या मागं ब्लाउज उसवायली, आणि पोरीनं युनिटला सांगितलेलं नाही की ही माझी माय आहे. हा एक धागा मला कोणी दिला तर मी दोनशे एपिसोड लिहितो, बजेट पण खुश, कारण कॉस्च्युम रूम नावाची एक खोली आणि वन बीएचके, दोन सेटमधे पंचाहत्तर टक्के काम होतं. स्टार लागेल तेव्हा दाराच्या फटीतून दाखव. पूर्ण दाखवलास की भाड्याचा सूट दिसतो.

डेली सोडून वेबसाठी करायचं असेल तर हिशोब वेगळा आहे, तिथं आठ-दहा एपिसोडमधे संपवता येतं, प्रेक्षक वेगळा आहे. पण तिथंही जागा एक धर. फ्रेंच लोकांनी स्टारच्या एजंटांच्या ऑफिसवर सिरियल केली, 2015 ते 2020, चार सीझन, मोठमोठे स्टार स्वतःच्याच नावानं येऊन स्वतःची फजिती करून घ्यायचे, पण गोष्ट त्या ऑफिसातल्या पगारी माणसांची होती. 2021 ला तिची हिंदी आवृत्ती आली, एका सीझनवरच थांबली. मला ती जरा जास्तच अदबीची वाटली, आपल्याकडच्या स्टारला फजिती सोसत नाही हेही एक आहे.

आता कामाचं. बायबल, म्हणजे सिरियलची गोष्ट आणि पात्रं मांडलेला आराखडा, दहा पानांच्या वर करू नको, कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर पार्टी नको, घर पाहिजे, आणि घरात कोणापासून काय लपवलंय ते पाहिजे. पहिल्या 13 आठवड्यांचे वळणाचे मुद्दे स्वच्छ लिही, कारण "पुढं काय" हा एकच प्रश्न मीटिंगमधे तीनदा विचारतात. पाठवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं रजिस्टर कर, ऑनलाइन होतं, मेंबर व्हावं लागतं, हे करायचा कंटाळा मी एकदा केला होता आणि माझी कन्सेप्ट मी नंतर टीव्हीवर बघितली, सहकुटुंब. माणसं तुला आपल्याकडची पण मिळतील, संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातनं बाहेर पडलेली किती तरी पोरं आज तिकडं कॅमेऱ्याच्या पुढं-मागं आहेत, त्यातल्या कोणाला तरी आधी वाचायला दे, चॅनलला डायरेक्ट मेल करून उत्तराची वाट बघत बसू नको.

आणि मीटिंग मिळाली तर सोमवार किंवा मंगळवार माग. बुधवारी सगळे उद्याच्या काळजीत असतात आणि गुरुवारी कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं.